‘कर’ आणि ‘असावं’

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, ‘तू नेमकं काय काम करतोस ते एकदा सगळ्यांना समजेल असं सांग.’ आजवर मी ‘कम्प्युटरमध्ये आहे’ एवढ्यावर भागवत आलोय. इमारतीतल्या लोकांना वाटतं मी प्रिंटर दुरुस्त करतो, आणि खरं सांगायचं तर रविवारी सकाळी तेच करत असतो. आज वीस मिनिटं मिळाली आहेत. त्यात माझा थोडा मतलबही आहे, तो आधीच सांगून टाकतो. आपल्या तुकडीने शाळेला वीस कम्प्युटर द्यायचं ठरवलंय. पैसे जमायला लागलेत. ते खर्च होण्याआधी मला त्या वीस कम्प्युटरांबद्दल बोलायचं आहे, पण तिथे पोचायला जरा लांबून यावं लागेल.

तुम्ही फोनवरून पैसे पाठवता, रेल्वेचं तिकीट काढता, रक्ताचा रिपोर्ट मोबाइलवर बघता. यामागे कुठेतरी एक कम्प्युटर चालू असतो, त्याला आम्ही सर्व्हर म्हणतो. जगातले बरेचसे सर्व्हर लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालतात. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली ती सुरू केली. या सर्व्हरला बहुतेक वेळा पडदा नसतो, माऊस नसतो, समोर कुणी बसलेलं नसतं. आत काही प्रोग्रॅम दिवसरात्र गुपचूप चालू असतात. एक डेटाबेस सांभाळतो, एक वेबसाइट दाखवतो, एक घड्याळ बरोबर ठेवतो, एक रोज रात्री माहितीची प्रत काढतो. या प्रोग्रॅमांना सर्व्हिस म्हणतात. त्या चालू ठेवणं हे माझं काम. चालू असतात तोवर माझी कुणाला आठवण येत नाही. बंद पडल्या की येते.

हे काम तुमच्या ओळखीचंच आहे. आपल्याकडे सोसायटीत पाण्याचा पंप आणि व्हॉल्व्ह सांभाळणारा माणूस असतो ना, त्याच्यासारखं. पाणी किती वाजता येतं, कुठला व्हॉल्व्ह आधी उघडायचा, कुठला अर्धाच फिरवायचा, बी विंगच्या टाकीचा पाइप का गळतो, हे सगळं त्याच्या डोक्यात. तो होळीला गावी गेला की चार दिवस सेक्रेटरी खाली बनियनवर उभा राहून व्हॉल्व्ह फिरवत असतो आणि वरून बायका ओरडत असतात. पाणी खाली आलेलं असतं, पंप चांगला असतो, वीजही असते. फक्त ते ज्ञान गावी गेलेलं असतं.

सर्व्हरचंही वर्षानुवर्षं असंच चालत आलं. एक हुशार माणूस नेमायचा. तो काळ्या पडद्यावर एकामागून एक कमांड टाइप करून मशीन उभं करणार. काय काय केलं ते त्याला ठाऊक. तो नोकरी सोडून गेला की मशीनला हात लावायला सगळे घाबरणार.

यातून बाहेर पडायचा जो मार्ग निघाला, त्याला कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट म्हणतात. नाव जड आहे. पण त्याचं मर्म मला इंजिनिअरिंग कॉलेजात कळलं नाही, ते आठवीत आपल्या मराठीच्या बाईंनी शिकवलं होतं. बाई समोर बसल्या आहेत, म्हणून जपून बोलतो. क्रियापदाचे अर्थ चार. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. ‘पंप चालू आहे’ हा स्वार्थ. ‘पंप चालू कर’ हा आज्ञार्थ. ‘टाकी भरलेली असावी’ हा विध्यर्थ. बाईंची मान हलली, म्हणजे बरोबर आहे.

आता बघा. वॉचमनला सांगितलं, ‘पंप अर्धा तास चालव.’ त्याने चालवला. टाकी आधीच भरलेली असेल तर पाणी गच्चीवरून वाहून जाईल. खाली पाणीच नसेल तर पंप जळेल. दुसऱ्या वॉचमननेही तीच आज्ञा पाळली तर आणखी अर्धा तास. आज्ञेला परिस्थिती कळत नाही. त्याऐवजी टाकीत फ्लोटचा स्विच बसवला, तर त्याला एकच गोष्ट माहीत असते, टाकी भरलेली असावी. कमी असेल तर तो पंप लावतो, भरली असेल तर काही करत नाही. दिवसातून शंभरदा त्याला विचारा, नुकसान होणार नाही.

आम्ही लोक पूर्वी सर्व्हरशी आज्ञार्थात बोलायचो, आता विध्यर्थात बोलतो. मशीनने काय करावं याची यादी देत नाही, मशीन शेवटी कसं असावं ते एका फाइलमध्ये लिहून ठेवतो. ते वाचून आणि मशीनची आत्ताची स्थिती पाहून जेवढा फरक असेल तेवढाच भरून काढणारी जी अवजारं आहेत, त्यांची नावं अ‍ॅन्सिबल, पपेट, शेफ, सॉल्ट अशी आहेत.

याचा उपयोग काय, ते जुलै २०१८ मधल्या एका प्रसंगाने सांगतो. त्या महिन्याचा दुसरा आठवडा वसई-विरारमध्ये कुणी विसरलेलं नाही. नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली, लोकल बंद, दुधाच्या पिशव्या नाहीत, आणि बऱ्याच भागांत लाइट नाही. त्या आठवड्यात मला वसईतल्या एका छोट्या हॉस्पिटलमधून फोन आला. नाव सांगत नाही, गरजही नाही. त्यांची यंत्रणा मी उभी केलेली नव्हती, मी फक्त जवळ राहणारा आणि चालत येऊ शकणारा माणूस होतो. गुडघाभर पाण्यातून गेलो.

झालं होतं असं. तळमजल्यावर जनरेटरपाशी पाणी आलं म्हणून तो बंद केला, यूपीएस संपला, सर्व्हर बंद पडला. लाइट आल्यावर सर्व्हर सुरू झाला, डेटाबेस सुरू झाला, रिसेप्शनवर पेशंटची नावं दिसू लागली. पण पॅथॉलॉजीच्या लॅबमधलं रक्त तपासणीचं यंत्र जे आकडे पाठवतं, ते वरच्या वॉर्डात दिसेनात. लॅबमधल्या ताई आकडे चिठ्ठीवर लिहीत होत्या आणि एक मावशी चिठ्ठ्या घेऊन जिने चढत होत्या. हिमोग्लोबिन, प्लेटलेट, पेशंटचं नाव, खाट नंबर, सगळं हाताने. पावसाळ्याचे दिवस, तापाचे पेशंट भरपूर, आणि एकाच आडनावाचे दोन पेशंट एकाच वॉर्डात. वसईत एकाच आडनावाची माणसं किती असतात ते तुम्हाला सांगायला नको. डॉक्टर प्रत्येक चिठ्ठी फोन करून पडताळत होते. त्यांचा चेहरा मला आठवतो.

मी सर्व्हरवर चालू असलेल्या सर्व्हिसची यादी काढली. यंत्राचे आकडे वाचणारी सर्व्हिस त्या यादीत नव्हतीच. बंद नव्हे, नव्हतीच. ताई म्हणाल्या, ‘पूर्वी एक मुलगा यायचा, तो काळ्या पडद्यावर काहीतरी टाइप करायचा आणि मग व्हायचं.’ शोधत शोधत त्या मुलाच्या जुन्या खात्याच्या फोल्डरमध्ये तो प्रोग्रॅम सापडला. त्याने तो सर्व्हिस म्हणून नोंदवला नव्हता, एकदा हाताने चालू करून सोडून दिला होता. मधल्या काळात लाइट गेली तरी जनरेटर यायचा, त्यामुळे मशीन कधी बंदच झालं नाही. म्हणून तो हाताने चालू केलेला प्रोग्रॅम वर्षभराहून अधिक काळ चालत राहिला आणि सगळ्यांना वाटत राहिलं की यंत्रणा पक्की आहे. मुलाचा नंबर मिळाला. तो आखाती देशात नोकरीला गेला होता. बिचारा लगेच बोलला. म्हणाला, ‘सर, ते मी तात्पुरतं केलं होतं.’

त्या मुलाला मी दोष देणार नाही. त्याला कुणी ‘लिहून ठेव’ म्हटलं नव्हतं आणि लिहून ठेवण्याचे पैसेही कुणी दिले नव्हते. तात्पुरती गोष्ट चालू राहिली की ती कायमची वाटू लागते, एवढंच.

इथे लिनक्समधली एक बारीक गोष्ट सांगतो, कारण सगळा घोळ तिच्यात आहे. २०१० साली लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी सिस्टिमडी नावाची व्यवस्था लिहायला घेतली. पुढच्या चार-पाच वर्षांत फेडोरा, रेड हॅट, डेबियन, उबुंटू या सगळ्यांनी ती स्वीकारली. यावरून जी भांडणं झाली ती गल्लीतल्या भांडणांना लाजवतील, पण ते राहू दे. सिस्टिमडीमध्ये सर्व्हिसला लावायच्या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, ‘स्टार्ट’ आणि ‘एनेबल’. स्टार्ट म्हणजे आत्ता चालू हो. एनेबल म्हणजे मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं की आपणहून चालू हो. पहिली केली म्हणून दुसरी होत नाही. दुसरी केली म्हणून पहिलीही होत नाही. आणि मशीन चालू आहे तोवर दोन्हींतला फरक बाहेरून कुणालाही दिसत नाही. लाइट जाईल तेव्हाच दिसतो, म्हणजे ज्या दिवशी तो दिसणं सगळ्यात महाग पडतं त्याच दिवशी. हॉस्पिटलमधला प्रोग्रॅम तर यांपैकी कशातच नव्हता.

त्या रात्री मी तो हातानेच चालू केला, कारण वर चिठ्ठ्या चालल्या होत्या. मावशींचे जिने थांबले. पाणी ओसरल्यावर चार दिवसांनी परत गेलो आणि अ‍ॅन्सिबलची फाइल लिहिली. ती इंग्रजी शब्दांत असते, पण मराठीत वाचली तर साधारण अशी. ‘हा प्रोग्रॅम या फोल्डरमध्ये असावा. त्याची सेटिंगची फाइल अशी असावी. त्याची सर्व्हिस नोंदवलेली असावी. ती आत्ता चालू असावी. मशीन सुरू होताच ती आपोआप चालू व्हावी. डेटाबेस आधी, ही नंतर. पडली तर पाच सेकंदांनी पुन्हा उठावी. आणि सेटिंग बदललं असेल तरच ती बंद करून पुन्हा चालू करावी, एरवी हात लावू नये.’ शेवटचं वाक्य म्हणजे संकेतार्थ, बाई. जर-तर.

ही फाइल पहिल्यांदा चालवली तेव्हा अ‍ॅन्सिबलने कळवलं की पाच गोष्टी बदलल्या. लगेच पुन्हा चालवली. बदल शून्य. आमच्या धंद्यात त्या शून्यासारखं सुख नाही. त्याचा अर्थ, कागदावर जे आहे तेच मशीनमध्ये आहे.

मला लोक म्हणतात, एका सर्व्हरसाठी एवढं कशाला, हे मोठ्या कंपन्यांचे चोचले. माझं मत नेमकं उलटं आहे. मोठ्या कंपनीत शंभर सारखी मशीन असतात. एक गेलं तर दुसऱ्याकडे बघून कळतं ते कसं होतं. ज्याच्याकडे एकच आहे त्याने कुणाकडे बघायचं? वालीव-सातिवलीच्या औद्योगिक वसाहतीत असे कितीतरी गाळे आहेत जिथे सगळा हिशोब एका कोपऱ्यातल्या धुळीने भरलेल्या एका मशीनवर आहे. आपल्यातलेही काही जण गाळेवाले आहेत, माझ्याकडे बघून हसू नका.

ही कल्पना जुनी आहे. आपण दहावीची परीक्षा दिली त्याच वर्षी, १९९३ मध्ये, ओस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस नावाच्या पदार्थविज्ञानाच्या तरुण संशोधकाने सीएफइंजिन हे या जातीचं पहिलं नावाजलेलं अवजार लिहिलं. विभागातली वेगवेगळ्या जातींची मशीन सांभाळताना तो कंटाळला होता. ते वापरता वापरता ल्यूक केनिस याने २००५ मध्ये पपेट काढलं. २०१२ मध्ये मायकल डीहान याने अ‍ॅन्सिबल आणलं, ते २०१५ मध्ये रेड हॅट कंपनीने घेतलं. अ‍ॅन्सिबल हा शब्द अर्सुला ले ग्विन या लेखिकेने १९६६ च्या एका विज्ञान कादंबरीत ताऱ्यांमधलं अंतर क्षणात ओलांडून निरोप देणाऱ्या यंत्रासाठी घडवला होता. विरार लोकलमध्ये विज्ञान कादंबऱ्या वाचणाऱ्यांना हे आवडेल.

दोन्हींत फरक आहे. पपेटचा एक हस्तक प्रत्येक मशीनवर बसलेला असतो आणि नेहमीच्या रचनेत दर अर्ध्या तासाने मूळ फाइलशी ताडून बघतो. अ‍ॅन्सिबलला मशीनवर हस्तक लागत नाही, पण आपण चालवू तेव्हाच ते चालतं. मी पूर्वी मुंबईतल्या एका कंपनीत पपेटवर काम करायचो. तिथे एका सहकाऱ्याने रात्री दोन वाजता एका सर्व्हरचं सेटिंग हाताने दुरुस्त केलं आणि तो झोपला. अडीचला पपेटने ते पुसून मूळपदावर आणलं. त्याने उठून पुन्हा दुरुस्त केलं, तीनला पुन्हा पुसलं. त्याला वाटलं भूत आहे. दुरुस्ती फाइलमध्ये कर आणि मग झोप, हे त्याला पहाटे कळलं. शिस्त लावायला पपेट फार कडक मास्तर. छोट्या ठिकाणी मी अ‍ॅन्सिबलच वापरतो, कारण सगळं समजावून सांगून दुसऱ्याच्या हातात देणं सोपं जातं.

याचं सगळ्यात मोठं आणि उघडं उदाहरण तुम्ही रोज वापरता. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे. आपण इथे वसईत बसून तिच्यावर वसईच्या किल्ल्याचं किंवा सोपाऱ्याच्या स्तूपाचं पान उघडतो, तेव्हा ते ज्या सर्व्हरवरून येतं ते विकिमीडिया संस्थेचे. ते लिनक्सच्या डेबियन प्रकारावर चालतात आणि पपेटने सांभाळले जातात. विशेष म्हणजे त्या पपेटच्या फाइली त्यांनी सगळ्या जगाला वाचायला खुल्या ठेवल्या आहेत. कुठल्या जातीच्या सर्व्हरवर कुठली सर्व्हिस असावी, कशी असावी, कुणी कधी का बदलली, सगळं. पासवर्ड तेवढे वेगळे, कुलपात. तुम्ही आज रात्री घरी जाऊन वाचू शकता. मी नवीन मुलांना शिकवताना पुस्तक देत नाही, तेच उघडून देतो. एवढी मोठी यंत्रणा कुणा एका माणसाच्या डोक्यात नाही, ती लिहिलेली आहे, म्हणून माणसं येतात-जातात आणि पान उघडत राहतं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर विक्रेत्यासारखं वाटेल.

१ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेत नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीने आठ सर्व्हरवर नवा प्रोग्रॅम टाकायचा होता. सातांवर टाकला, एक राहिला. हाताने केलेलं काम, दुसऱ्या माणसाने तपासायचं असा लेखी नियम नव्हता. बाजार उघडल्यावर त्या आठव्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं पडून राहिलेला जुना कोड जागा झाला आणि भराभर सौदे करत सुटला. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान. कंपनी पुढे दुसऱ्याच्या हातात गेली. आठांतला एक! वर्गाची हजेरी घेतानाही एवढी चूक सर करत नसत.

पण म्हणून अवजार वापरलं की सुटलो असंही नाही. १९ जुलै २०२४ आठवा. विमानतळांवर लोक खोळंबले होते, हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले जात होते. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेली एक सदोष फाइल. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन बसली. तिथे लिनक्स नव्हतं आणि अ‍ॅन्सिबलही नव्हतं, पण धडा आम्हालाच लागू. हाताने चुकलात तर एक मशीन चुकतं. एका फाइलने चुकलात तर सगळी एकदम चुकतात, आणि अगदी सारखी चुकतात. म्हणून शहाणा माणूस आधी कोरडी तालीम करतो. अ‍ॅन्सिबलला ‘काही बदलू नकोस, काय बदलशील ते फक्त सांग’ असं म्हणता येतं. मग एका मशीनवर, मग दोनांवर, मग बाकीच्यांवर.

आणखी एक खाच. सर्व्हिस ‘चालू आहे’ असं मशीन म्हणतं, त्याचा अर्थ ती काम करते आहे असा नसतो. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं. झाडं पडली, विजेचे खांब पडले. कोरोनाची दुसरी लाट चालू होती. त्याच हॉस्पिटलमध्ये सर्व्हर पुन्हा बंद पडला. मला फोन आला, पण वेगळा. ‘सगळं आपोआप वर आलं, रिपोर्ट दिसतायत, फक्त लेबल छापत नाहीत.’ लेबलचा प्रिंटर मधल्या काळात विक्रेत्याच्या माणसाने येऊन हाताने लावला होता. फाइलमध्ये त्याची एक ओळही नव्हती. प्रिंटरची सर्व्हिस चालू होती, पण तिला नव्या प्रिंटरचा पत्ता माहीत नव्हता. आता फाइलच्या शेवटी एक तपासणी असते. एक खोटा पेशंट, एक खोटा आकडा, तो वॉर्डाच्या पडद्यापर्यंत पोचला का, एक लेबल छापलं गेलं का. ते लेबल मावशी स्वतः बघून सही करतात. २०१८ मध्ये जिने चढणाऱ्या त्याच.

मंडळी, आता शाळेकडे येतो.

आपल्या वेळी विज्ञानाच्या प्रयोगशाळेत कपाटाच्या दाराला आतून एक यादी चिकटवलेली असायची. पहिल्या फळीवर काय असावं, दुसऱ्या फळीवर काय, चंचुपात्रं किती, नळ्या किती. तास संपला की सर दार उघडून यादी आणि फळी ताडून बघायचे, आणि एक नळी कमी असेल तर आपल्याला सोडायचे नाहीत. कोण सर त्या दिवशी हजर आहेत याने फरक पडत नसे. यादी दाराला होती.

कम्प्युटरच्या लॅबला अशी यादी नव्हती. काही वर्षांपूर्वी शाळेला बारा कम्प्युटर मिळाले होते. ज्या सरांनी ते एकट्याने सांभाळले ते आज आपल्यात आहेत, त्यांच्यासाठी आधी टाळ्या वाजवा. सुट्टीच्या दिवशी स्वतःचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन ते यायचे. ते निवृत्त झाले तेव्हा निरोपसमारंभात शाल-श्रीफळ दिलं, भाषणं झाली. पासवर्ड काय, सर्व्हरवर काय काय आहे, हे त्यांच्याकडून लिहून मागायचं कुणालाच सुचलं नाही. दीड वर्षात ते बारा कम्प्युटर कापडाखाली गेले. बिघडले नव्हते. मी जूनमध्ये पाहिले, बारापैकी नऊ चालू झाले.

म्हणून मी गेले चार महिने शनिवारी दुपारी शाळेत येतोय. सरांनी घरी शोधून त्यांची एक वही आणून दिली. तिच्यात त्यांनी स्वतःपुरत्या नोंदी केल्या होत्या, कुठल्या मशीनला किती मेमरी, कुठला प्रिंटर कसा जोडला. त्या वहीवरून नववीच्या दोन मुली आणि एक मुलगा यांनी अ‍ॅन्सिबलची फाइल लिहिली. मी सांगितलं, टाइप त्यांनी केलं. लॅबच्या सर्व्हरवर चार सर्व्हिस असाव्यात असं ठरलं. मशीनना पत्ते देणारी, छपाईची, मुलांच्या फायली साठवणारी, आणि इंटरनेट नसतानाही मराठी विकिपीडिया दाखवणारी, तिला किविक्स म्हणतात. चारही चालू असाव्यात, आणि लाइट जाऊन आली की आपोआप उठाव्यात. आपल्याकडे ही दुसरी अट सगळ्यात महत्त्वाची.

मागच्या शनिवारी परीक्षा घेतली. सर्व्हरची डिस्क पूर्ण पुसली. मी स्टाफरूममध्ये जाऊन बसलो, शिपाईकाकांनी चहा दिला. मुलांना सांगितलं, मला विचारायचं नाही, मी गावी गेलोय. एका मुलीने दोनदा दारातून डोकावून बघितलं, मी पेपर वाचत असल्याचं नाटक केलं. तासाभराने ती आली आणि म्हणाली, ‘सर, बदल शून्य.’ मग त्यांनी स्वतःहून मेन स्विच बंद करून पुन्हा लावला. ते मी सांगितलं नव्हतं. सर्व्हर वर आला, चारही सर्व्हिस वर आल्या, आणि मुलाने विकिपीडियावर अर्नाळ्याचा किल्ला उघडून दाखवला.

तर माझं म्हणणं असं. वीसऐवजी सतरा कम्प्युटर घ्यावेत. राहिलेल्या पैशांत चांगला यूपीएस, दोन जादा डिस्क आणि एक बॅकअपची डिस्क घ्यावी. फोटोत सतरा थोडे कमी दिसतील, दिसू देत. नवीन मशीन फाइलमध्ये लिहिल्याशिवाय टेबलावर लागणार नाही, हे शाळेने आणि आपण दोघांनी मान्य करावं, मग ते मशीन कुणीही दिलेलं असो. फाइलची एक प्रत शाळेच्या ऑफिसात, एक आपल्या तुकडीकडे, एक पुढच्या तुकडीकडे. पासवर्ड बंद पाकिटात मुख्याध्यापिका बाईंच्या कपाटात. दरवर्षी नववीतली मुलं आठवीतल्यांना शिकवतील, आणि दर सहा महिन्यांनी एकदा सर्व्हर पुसून पुन्हा उभा करतील. मी नसताना.

यातल्या सतराच्या आकड्यावर मघाशी जेवताना दोघांनी मला विरोध केलाय, त्यांचं म्हणणं वीस जाहीर केले तर वीसच द्यावेत. त्यांचंही चूक नाही. तीन जादा मशीनचे पैसे आणखी कुणी देत असेल तर वीस घेऊ, पण यूपीएस आणि डिस्क सोडून नव्हे. ते आज इथेच ठरवू या, कारण कोटेशनची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे.

पुढच्या शनिवारी दुपारी दोन वाजता लॅब उघडी असेल. मुलांना प्रिंटर जोडायचा आहे आणि त्यांना अजून तो जमलेला नाही. ज्यांना वेळ आहे त्यांनी या. किल्ली ऑफिसात मिळेल.